पुढच्या इयत्तेची पूर्वतयारी : घणसोलीतल्या उन्हाळी वर्गाच्या नोंदी

२१ एप्रिल : आखणी

जूनमध्ये सहावी, सातवी आणि आठवीत जाणाऱ्या मुलांसाठी हा वर्ग आहे. वेळ सकाळी ८ ते १०:३०. वसाहतीच्या हॉलवर पत्रा आहे, त्यामुळे अकरानंतर आत बसवत नाही. दमट उकाड्यात मुलं पेंगतात आणि घामाच्या हाताने वहीची पानं चिकटतात. एका गटात जास्तीत जास्त २० मुलं, प्रत्येक गटाला एक ताई किंवा दादा आणि एक मदतनीस.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की केली : पुढच्या वर्षाचं पुस्तक उघडायचं नाही. पालकांची मागणी नेमकी याच्या उलट असते. "पहिले दोन-तीन धडे आत्ताच करून घ्या, म्हणजे जूनमध्ये पोरगं पुढे राहील," असं बहुतेक जण सांगतात. पण पहिला धडा शाळेत जूनमध्ये होणारच असतो आणि बहुधा तो सोपाही असतो. मूल अडकतं ते पाऊस ओसरल्यावर, आणि अडकण्याचं कारण त्या धड्यात नसून दोन इयत्ता मागे असतं. सातवीत परिमेय संख्यांची बेरीज येते, तिथे गोंधळलेल्या मुलाला 'परिमेय' हा शब्द नडत नाही, पाचवीतलं छेद समान करणं नडतं. आठवीत बैजिक राशींचे अवयव पाडताना सामाईक अवयव दिसत नाही, कारण सहावीतला मसावि नुसती रीत म्हणून पाठ झालेला असतो.

म्हणून तिन्ही इयत्तांची अनुक्रमणिका समोर ठेवून उलटा प्रवास केला. सहावीत पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरील क्रिया, दशांश आणि शेकडेवारी आहे. त्यासाठी हातच्याची वजाबाकी, भागाकार, सममूल्य अपूर्णांक आणि बारापर्यंतचे पाढे लागतात. सातवीतल्या पूर्णांकांच्या गुणाकार-भागाकाराला आणि बैजिक राशींना आधी चिन्हांची समज हवी. आठवीतल्या सूट-कमिशनला शेकडेवारी हवी, आणि शेकडेवारीला पुन्हा अपूर्णांकच. सगळ्या वाटा चार-पाच जागी येऊन मिळतात. उन्हाळ्यात तेवढ्याच जागा बुजवायच्या. त्याच्या जोडीला वाचन, कारण विज्ञान आणि भूगोलाचा पाठ वाचून कळला नाही तर त्या विषयांत बाकी काही करता येत नाही.

दुसरी अडचण गावाची. इथल्या बऱ्याच घरांतले कर्ते पुरुष वाशीच्या बाजारात माथाडी काम करतात आणि गावं सातारा जिल्ह्यातली. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कितीतरी मुलं गावी जातात आणि जूनच्या सुरुवातीला परततात. त्यांना 'गैरहजर' म्हणून सोडून दिलं तर ज्यांना सर्वात जास्त गरज आहे तेच सुटतात. तेव्हा वर्गाचे तीन तुकडे केले : गावी जाण्याआधीची चाचणी, गावी नेण्याची पिशवी, आणि २ जूनपासून शाळा सुरू होईपर्यंतचे दोन आठवडे. जी मुलं इथेच राहतात त्यांचा वर्ग मधल्या काळातही चालू राहील.

२८ एप्रिल : पहिली चाचणी

गणिताची १५ उदाहरणं, ४५ मिनिटं. पाच प्रकार आणि प्रत्येक प्रकाराची तीन उदाहरणं. एकाच प्रकारातली दोन उदाहरणं त्याच पद्धतीने चुकली तर समजुतीत घोळ आहे असं धरायचं, तीनपैकी एकच चुकलं तर नजरचूक. प्रत्येकी एकच उदाहरण दिलं तर हा फरक कळायला मार्ग राहत नाही.

खोडरबर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ मारून खाली पुन्हा करायचं, कच्चं काम त्याच पानावर. खोडलेल्या कागदावर फक्त शेवटचं उत्तर उरतं आणि आपल्याला नेमका विचार बघायचा असतो.

आकडे असे निवडले की चुकीच्या समजुतीतून ठरावीक चुकीचं उत्तर यावं. ५००२ − १३८७ याचं उत्तर कोणी ४३८५ लिहिलं तर ते मूल प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान अंक वजा करतंय, वर कोण आणि खाली कोण हे बघतच नाही. बरोबर उत्तर ३६१५. ४२१६ ÷ ४ याला १५४ आलं तर भागाकारातलं शून्य गाळलं गेलंय, कारण उत्तर १०५४ आहे. १/२ + १/३ ला २/५ आलं तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. ०.३५ आणि ०.७ यांत ०.३५ मोठा म्हटला तर दशांश चिन्हापुढचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचले गेले. −३ − ५ ला ८ आलं तर 'दोन उणे म्हणजे अधिक' हे कुठूनतरी कानावर पडलंय. हा शेवटचा प्रकार सहावीत जाणाऱ्यांना दिला नाही. त्यांना त्याऐवजी संख्यांचं श्रुतलेखन दिलं : एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, तीन हजार सात. एकोणसत्तर ऐकून ७९ लिहिणारी मुलं पाचवी पूर्ण केलेल्यांतही सापडतात आणि मग तोंडी गणितात त्यांचं सगळंच चुकत जातं.

वाचन मात्र एकेकट्याचं घ्यावं लागतं. साधारण १०० शब्दांचा, न पाहिलेला उतारा, एक मिनिट मोठ्याने वाचन, मग चार प्रश्न. ज्याला उताराच जमत नाही त्याच्यासाठी 'असर'च्या (ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीतल्या) चाचणीसारखं खाली उतरत जायचं : सोपा परिच्छेद, मग सुटे शब्द, मग अक्षरं. ही चाचणी हॉलच्या कोपऱ्यात, बाकीच्यांकडे पाठ करून घ्यावी. मोठ्या मुलाला लहानांसमोर अडखळताना पकडलं तर ते दुसऱ्या दिवशी येत नाही.

३० एप्रिल : तपासणी आणि गट

गुण दिले नाहीत. एका मोठ्या कागदावर तक्ता केला : उभ्या ओळीत मुलांची नावं, आडव्या ओळीत चुकांचे प्रकार, आणि जिथे तीच चूक किमान दोनदा दिसली तिथे फुली. तक्ता भरला की गट आपोआप दिसतात. सर्वात दाट फुल्या अपूर्णांकांच्या रकान्यात पडल्या. आठवीत जाणाऱ्यांच्या ओळींतही तेच चित्र आहे.

गट इयत्तेप्रमाणे न करता चुकीप्रमाणे केले. सहावीतलं आणि आठवीतलं मूल शेजारी बसून पट्ट्या मांडेल तेव्हा मोठ्याला संकोच वाटणारच. म्हणून गटांना 'अ-ब-क' न म्हणता रबाळे, कोपरखैरणे, तुर्भे अशी स्टेशनांची नावं दिली आणि दर आठवड्याला गट मोडून नव्याने करायचे ठरवलं. अमुक गट म्हणजे 'ढ' असा शिक्का बसायला वेळच मिळू नये.

पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं आणि नापास झालेल्यांची निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा होते. पाचवीतल्या अशा मुलांची वेगळी यादी केली. त्यांना गटातलं काम चुकवायचं नाही, पण रोज शेवटची २० मिनिटं त्या-त्या विषयाच्या प्रश्नपत्रिकेसाठी ठेवायची.

२ मे : गावची पिशवी

पिशवीत एक एकेरी वही, एक चौकटीची वही, शिंप्याची १५० सेंमीची टेप, अपूर्णांकाच्या पट्ट्यांचा एक संच आणि १२ कृतिकार्डं. कार्डं सुटी न देता वहीत स्टेपल केली, सुटी कार्डं एसटीतच हरवतात. प्रत्येक कार्डाचं काम २० मिनिटांत उरकणारं, मोबाइल न लागणारं आणि घरातल्या कोणी शिकवायची गरज नसलेलं. सरावाचे ४० छापील कागद दिले तर पिशवी जशीच्या तशी परत येते. मूल गावी आंबे, विहीर आणि भावंडं सोडून बसणार नाही आणि बसूही नये. म्हणून कामं गावातलीच आहेत.

एका कार्डावर एसटीचं तिकीट चिकटवायचं आणि सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, भाडं लिहायचं. दुसऱ्यावर अंगणाची परिमिती टेपने मोजायची, आधी अंदाज लिहून. तिसरं कार्ड आजी-आजोबांसाठी : घरात जुनं माप असेल तर धान्य मोजून बघा. चार शेरांची एक पायली, दोन शेरांची अधोली, म्हणजे अधोली ही पायलीची अर्धी आणि शेर हा पाव. 'पायली आणि अधोली मिळून किती शेर, आणि ते पायलीच्या किती पट?' या प्रश्नात दीडचा अपूर्णांक हाताने भरून येतो. मापं नसतील तर पाण्याचा तांब्या आणि चार फुलपात्रं चालतात.

एक कार्ड शून्य सावलीचं, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते त्या दिवसाचं आहे. त्यावर गावाप्रमाणे तारीख लिहून दिली : साताऱ्याला १० मेच्या आसपास, रत्नागिरीला ८, नाशिकला २०. दुपारी बारा वाजल्यापासून पाऊण वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी उभ्या काठीची सावली मोजायची, तीही सावलीचा दिवस धरून आधी-नंतर एकेक दिवस. उन्हात टोपी घालून जायचं आणि सूर्याकडे बघायचं नाही, हे कार्डावर ठळक लिहिलंय.

५ मे : वजाबाकी, भागाकार आणि शून्य

खेळातल्या नोटा वापरल्या. दर जोडीला १००० च्या ५, १०० च्या २०, १० च्या ३० आणि १ च्या ३०. एवढ्या लागतातच. दहाच्या कमी पडल्या तर मुलं 'समजा' म्हणून पुढे जातात आणि तिथेच समजूत निसटते.

४२१६ रुपये चौघांत वाटायचे. हजाराच्या चार नोटा, प्रत्येकाला एक. शंभराच्या दोनच आहेत, चौघांना पुरत नाहीत, म्हणजे प्रत्येकाला शंभराच्या शून्य नोटा. हे शून्य तेव्हाच वर लिहायचं, मोठ्याने म्हणून लिहायचं. मग त्या दोन मोडून दहाच्या २० घ्यायच्या, आधीची एक धरून २१. प्रत्येकाला पाच, उरली एक. ती मोडून सुट्टे १६, प्रत्येकाला चार. १०५४. वाटणी झाल्यावर प्रत्येकाच्या हातात शंभराची नोट खरंच नाही हे दिसतं आणि ते शून्य 'आठवून लिहायची गोष्ट' राहत नाही.

५००२ मधून १३८७ देताना हजाराची एक नोट मोडून शंभराच्या १० मिळतात, त्यातली एक मोडून दहाच्या १०, त्यातली एक मोडून सुट्टे १०. मुलं मधला टप्पा सोडून हजारातून थेट सुट्टे मागतात. नोटा हातात असल्या की त्यांना मोड द्यावी लागते, त्यामुळे ९, ९, १२ कुठून आले हे समोर दिसतं.

आजपासून नियम : कोणतंही उदाहरण सोडवण्याआधी समासात अंदाज लिहायचा. ४२०० चा चौथा हिस्सा हजाराच्या आसपास, म्हणजे १५४ होऊच शकत नाही. हा नियम शेवटच्या दिवसापर्यंत लावून धरायचा.

८ मे : अपूर्णांकाच्या पट्ट्या

पूर्ण पट्टीची लांबी २४ सेंमी, रुंदी २ सेंमी. २४ ला २, ३, ४, ६, ८ आणि १२ ने भाग जातो, म्हणून २४. जाड कार्डशीट, ५६ × ७१ सेंमी. २४ ची बाजू ५६ वर ठेवली तर दोन बसतात आणि ७१ वर २ सेंमीच्या ३५ पट्ट्या, म्हणजे एका शीटमध्ये ७० पट्ट्या. सात प्रकारांसाठी सात रंगांच्या सात शीट घेतल्या की ७० संच होतात : तीन गटांतल्या ६० मुलांना एकेक आणि १० राखीव.

पूर्ण पट्टी तशीच ठेवायची. अर्धे, तृतीयांश आणि चतुर्थांश कापून सुटे करायचे. षष्ठांश, अष्टमांश आणि द्वादशांश मात्र कापायचे नाहीत, फक्त रेघा मारायच्या. द्वादशांश कापले तर २ × २ सेंमीचे बारा चौकोन होतात आणि पंख्याच्या वाऱ्याने उडून जातात. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे या रेघांच्या पट्ट्या मोजपट्टीचं काम करतात. संचात १० सुटे भाग आणि ३ रेघांच्या पट्ट्या, झिपच्या पिशवीत.

खुणा करताना प्रत्येक भाग नव्याने मोजू नये. अष्टमांशासाठी एकाच टोकापासून ३, ६, ९, १२ अशा खुणा कराव्यात. तीन-तीन सेंमी पुढे सरकत मोजलं तर दर वेळचा अर्धा मिलिमीटर साठत जातो आणि शेवटचा भाग डोळ्यांना आखूड दिसतो. मग मूल बरोबर मांडूनही 'जुळत नाही' म्हणतं. कापायला स्टीलची पट्टी आणि कटर, कात्रीने कड सरळ येत नाही. पट्ट्यांवर सेंटिमीटर लिहायचे नाहीत आणि त्या तासाला फूटपट्ट्या दप्तरात ठेवायला लावायच्या, नाहीतर मुलं १२ आणि ८ मोजून '२०' असं उत्तर देतात.

कृती अशी. अर्धा आणि तृतीयांश टोकाला टोक लावून ठेवायचे. खाली एकेक रेघांची पट्टी लावून बघायची, शेवट कोणत्या रेघेवर येतो? अष्टमांशाच्या पट्टीवर तो सहाव्या आणि सातव्या रेघेच्या मध्ये पडतो, म्हणजे ही पट्टी उपयोगाची नाही. षष्ठांशाच्या पट्टीवर बरोबर पाचव्या रेघेवर. द्वादशांशावर दहाव्या. म्हणजे ५/६, आणि १०/१२ म्हणजेही तेच. छेद समान करणं म्हणजे दोन्ही तुकडे ज्या पट्टीवर नेमके मोजता येतील ती पट्टी शोधणं. लसावि हा शब्द यानंतर काढायचा, आधी नाही.

२/५ लिहिणाऱ्या मुलाला 'चूक' म्हणायची गरज पडत नाही. त्याला एवढंच विचारायचं की २/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी. पाचातले दोन म्हणजे अर्ध्याहून कमी हे त्याला येतं. मग अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं? हा प्रश्न विचारून दोन मिनिटं गप्प बसायचं. मदतनिसांना हे सर्वात अवघड जातं, ते लगेच रीत सांगून मोकळे होतात. आज एका मुलीने त्या शांततेत स्वतःच पट्टी उचलली आणि छेद मिळवता येत नाहीत, कारण 'छेद म्हणजे तुकड्याचं नाव आहे' असं शेजारणीला सांगितलं. हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवलंय.

दशांशासाठी या पट्ट्या चालत नाहीत, २४ ला १० ने भाग जात नाही. तिथे आलेख कागदावर १० × १० सेंमीचा चौरस आखायचा. हा चौरस म्हणजे १. एक उभा पट्टा म्हणजे ०.१, एक सेंमीचा चौकोन म्हणजे ०.०१. ०.७ साठी सात पट्टे रंगवायचे, ०.३५ साठी तीन पट्टे आणि पाच चौकोन. शेजारी ठेवले की कोण मोठा हे सांगावं लागत नाही.

१३ मे : जमिनीवरची संख्यारेषा

−१० ते +१०, म्हणजे २० अंतरं. हॉलच्या व्हरांड्याची फरशी दोन फुटी आहे, अर्धी फरशी म्हणजे साधारण ३० सेंमी, मुलांच्या एका पावलाला पुरेशी. रेषा ६ मीटर, दोन्हीकडे थोडी जागा सोडून. खडूच्या खुणा सकाळच्या पाण्याने पुसतात, मास्किंग टेप टिकते.

चालायचा नियम एकच ठेवला. पहिल्या संख्येवर उभं राहा. बेरीज असेल तर तोंड अधिकच्या बाजूला, वजाबाकी असेल तर उण्याच्या बाजूला. दुसरी संख्या धन असेल तर पुढे चाला, ऋण असेल तर तोंड न वळवता मागे चाला. −३ − ५ : उण्याकडे तोंड, पाच पावलं पुढे, −८. −३ − (−५) : उण्याकडेच तोंड, पाच पावलं मागे, +२. क्रियेचं चिन्ह तोंडाची दिशा ठरवतं आणि संख्येचं चिन्ह चालण्याची. कागदावर ही दोन्ही चिन्हं एकसारखी दिसतात, घोळ तिथूनच सुरू होतो. 'दोन उणे म्हणजे अधिक' हा गुणाकाराचा नियम मुलं मोठ्या भावंडांकडून उचलतात आणि सगळीकडे लावतात.

ऋण संख्येची ओळख करून द्यायला इथे थर्मामीटर लागत नाही. टॉवरच्या लिफ्टमध्ये −१, −२ चं बटण बघितलेली मुलं आहेत. 'दुसऱ्या बेसमेंटमधून सात मजले वर' असे प्रश्न त्यांना स्वतः बनवू द्यायचे.

चालून झाल्यावर त्याच दिवशी वहीत तेच उदाहरण बाणांनी काढायला लावायचं. नुसतं चालणं खेळ म्हणून लक्षात राहतं, कागदावर उतरत नाही.

१६ मे : शून्य सावली

आज तेवढ्यापुरता वर्ग दुपारी ११:३० ते १२:४५. सोसायटीच्या गच्चीवर, सावलीत बसायची सोय करून, प्यायचं पाणी जवळ ठेवून, मोजायला दोघे-दोघे आळीपाळीने.

साहित्य : ३० सेंमी उंचीचा पीव्हीसी पाइप, प्लायचा फळा, त्यावर कागद, घड्याळ. पाइप लंबकाने दोन बाजूंनी तपासायचा. फळा एका बाजूला जरा जरी कलला तर सावली 'नाहीशी' होत नाही आणि मुलांना प्रयोग फसल्यासारखा वाटतो. मोजमाप पाइपच्या कडेपासून सावलीच्या टोकापर्यंत घ्यायचं.

११:३५ ला सावली साडेसात सेंमीच्या आसपास, १२:०५ ला पावणेचार, १२:२० ला दोन सेंमीला थोडी कमी आणि १२:३५ च्या सुमारास नाहीशी. मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो : बरोबर बाराला का नाही? इथून भूगोलातली रेखावृत्तं शिकवायची. भारताची प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखावृत्तावरची, आपण ७३° वर. फरक ९.५°, आणि दर अंशाला पृथ्वीला फिरायला ४ मिनिटं लागतात. ९.५ × ४ = ३८ मिनिटं, म्हणजे १२:३८. मेच्या मध्यावर सूर्य घड्याळापेक्षा चारेक मिनिटं आधी माथ्यावर येतो, म्हणून १२:३४–१२:३५. दशांशाचा गुणाकार, वेळ आणि नकाशा तिन्ही एकाच गणितात आले.

अमुकच दिवशी का, याचंही उत्तर मुलांना द्यायला हवं : सूर्य ज्या अक्षांशावर बरोबर डोक्यावर असतो तो अक्षांश आज आपला, १९° उत्तरच्या थोडा वर. म्हणून रत्नागिरीला हे आधी होतं आणि नाशिकला नंतर. ढग असले तर एक दिवस पुढे-मागे चालतो, ३० सेंमीच्या पाइपला फरक मिलिमीटर-दीड मिलिमीटरचाच पडतो.

२० मे : वाचून समजणं

आजचा उतारा ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांवर लिहून घेतला, कारण ऐरोलीच्या बाजूला मुलांनी ते पाहिलेले आहेत. उताऱ्यात ठोस माहिती हवी : दोन जाती, मोठा रोहित आणि छोटा रोहित, डोकं उलटं करून चोचीने चिखलपाणी गाळून खाणं, शेवाळातल्या रंगद्रव्यामुळे येणारा गुलाबीपणा, २०१५ मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य, २०२२ मध्ये मिळालेला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा.

प्रश्न चार प्रकारचे. उत्तर एका वाक्यात सापडणारा. दोन वाक्यं जोडून सापडणारा. अनोळखी शब्दाचा अर्थ आजूबाजूवरून काढायचा. आणि उताऱ्यात लिहिलेलं नाही पण त्यावरून सांगता येतं असा : खाडीतलं शेवाळ नष्ट झालं तर पक्ष्यांच्या रंगाचं काय होईल?

पहिला प्रकार जवळजवळ सगळ्यांना येतो, पण कसा येतो ते बघण्यासारखं आहे. प्रश्नातला एक शब्द पकडायचा, तो उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उचलून खाली लिहायचं. शाळेत याला पूर्ण गुण मिळतात, त्यामुळे सवय घट्ट आहे. उपाय : वाचून झाल्यावर कागद पालथा, उत्तर आधी शेजाऱ्याला तोंडी, मग लिहायचं. सुरुवातीला उत्तरं आखूड आणि वेडीवाकडी येतात. शुद्धलेखन त्या दिवशी दुरुस्त करायचं नाही.

अडखळणं बहुतेक जोडाक्षरांवर आणि रफारावर. 'पर्यावरण', 'संवर्धन' वाचताना रफार पुढच्या अक्षरावर उच्चारला जातो. अशा दहा शब्दांची पट्टी करून रोज एक मिनिट जोडीने वाचायची.

२३ मे : हापूसची पेटी

शेकडेवारीला हंगाम साथ देतो. पाच डझनाची पेटी २४०० रुपयांना, म्हणजे एक आंबा ४० ला. सहा आंबे खराब निघाले, १० टक्के. उरलेले ५४ प्रत्येकी ५० ने विकले. नफा किती टक्के?

मुलं झटकन सांगतात : ४० चे ५० म्हणजे २५ टक्के जास्त, १० टक्के गेले, उरले १५. प्रत्यक्षात ५४ × ५० = २७००, नफा ३००, आणि २४०० वर ३०० म्हणजे १२.५ टक्के. अडीच टक्के कुठे गेले? १० टक्के आंबे वाया गेले ते वाढलेल्या भावाचे. म्हणजे २५ टक्के ४० वर आहेत आणि १० टक्के ५० वर. दोन वेगळ्या आधारांवरच्या टक्क्यांची बेरीज-वजाबाकी होत नाही, हे एकदा आंब्यावर पटलं की आठवीतल्या सवलतीवर पुन्हा सवलत देणाऱ्या गणितात उपयोगी पडतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नफ्याचे टक्के विक्रीच्या किमतीवर काढणं.

शेवटची २० मिनिटं रेल्वेच्या वेळापत्रकाला. ठाण्याहून १०:४८ ला निघालेली गाडी वाशीला ११:१७ ला पोचली तर किती मिनिटं? ६९ असं उत्तर येतं, कारण १११७ मधून १०४८ वजा केले जातात आणि तासातून घेतलेला हातचा १०० चा धरला जातो. उपाय सोपा आहे : १०:४८ ते ११ पर्यंत १२, पुढे १७, एकूण २९.

२ जून : पिशव्या परत

वह्यांत सर्वात जास्त भरलेली कार्डं एसटीच्या तिकिटाची आणि मापांची. परिमितीच्या कार्डावर बऱ्याच जणांनी अंदाज मोजल्यानंतर लिहिलाय, कारण तो नेमका जुळतो. पुढच्या वेळी अंदाजाचं कार्ड वेगळ्या पानावर द्यायचं. शून्य सावलीच्या नोंदी ज्यांनी आणल्या त्यांच्या तारखा अक्षांशाच्या क्रमाने भिंतीवरच्या नकाशावर लावल्या.

गट पुन्हा केले. गावाहून आलेल्यांना अपूर्णांकाचे तीन दिवस सलग, बाकी काही नाही.

५ जून : सेमी-इंग्रजीत जाणाऱ्यांसाठी

गणित-विज्ञान इंग्रजीतून सुरू होणाऱ्या मुलांना रीत येते, प्रश्न कळत नाही. साधारण ४० शब्द भिंतीवर लावले : न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, फॅक्टर, मल्टिपल, रिमेंडर, पेरिमीटर वगैरे. नुसती यादी पाठ करून उपयोग होत नाही, शब्द उदाहरणात वापरावे लागतात. फॅक्टर आणि मल्टिपल यांत सर्वाधिक उलटापालट होते. रोज पाच मिनिटं : एक मूल इंग्रजीत प्रश्न वाचतं, दुसरं मराठीत सांगतं, तिसरं सोडवतं.

११ जून : दुसरी चाचणी

तेच पाच प्रकार, आकडे बदललेले, खोडरबर बंद. जुन्या तक्त्यावरच वेगळ्या रंगाने खुणा. भागाकारातलं शून्य आणि दशांशाची तुलना या रकान्यांतल्या फुल्या सर्वात जास्त पुसल्या गेल्या. अपूर्णांकांची बेरीज पट्ट्या पाहून येते, पण नुसत्या कागदावर काही जण अजून चाचपडतात, त्यांना पट्ट्या घरी दिल्या. वर्गातल्या शाब्दिक उदाहरणांत मात्र फारसा फरक पडला नाही. तिथे गणितापेक्षा वाचन कमी पडतंय, त्यामुळे त्या मुलांचं वाचन जूननंतरही चालू ठेवावं लागेल.

१३ जून : शाळेला द्यायचं पान

प्रत्येक मुलाचं एक पान, वर्गशिक्षकांसाठी. वर तीन ओळी : काय पक्कं झालं, काय अर्धवट आहे, कोणत्या धड्याच्या आधी लक्ष द्यावं. गुण नाहीत, शेरा नाही. 'गणित कच्चं आहे' या वाक्याने शिक्षकांच्या हाती काही लागत नाही. 'भिन्न छेदांची बेरीज पट्ट्यांवर करतो, कागदावर अंश-छेद दोन्ही मिळवतो, परिमेय संख्यांच्या आधी दोन तास द्यावेत' यातून लागतं. खाली मुलाच्या चाचणीतलं एक उदाहरण त्याच्याच अक्षरात चिकटवलं.

पालकांना वेगळी चिठ्ठी : रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचून घ्या, वर्तमानपत्रही चालेल, आणि वहीतला समासातला अंदाज बघत जा. पट्ट्यांची पिशवी पावसात भिजली तर कार्डशीट फुगते आणि खुणा जुळत नाहीत, म्हणून ती दप्तरात न ठेवता घरी ठेवा. राखीव १० संच हॉलच्या कपाटात आहेत. शनिवारी सकाळी ८ ते ९:३० हॉल उघडा राहील आणि ज्या आठवड्यात शाळेत अपूर्णांक, पूर्णांक किंवा शेकडेवारीचा धडा सुरू होईल, त्या शनिवारी ज्यांच्या पानावर तो धडा लिहिलाय त्या मुलांना बोलावलं जाईल.